डोक्यावर एक, अंगावर दुसरं

जुन्या जर्मन सैनिकांच्या फोटोत टोपी गणवेशाशी जुळत नसली, की बरेच संग्राहक लगेच निकाल देऊन मोकळे होतात: फोटो बनावट आहे, नाहीतर फोटोग्राफरने स्टुडिओतली हाताला लागेल ती टोपी गिऱ्हाइकाच्या डोक्यावर ठेवली आहे. असे प्रकार होत नव्हते असं नाही. पण कैसरच्या काळापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंतचे फोटो ओळीने पाहिले, की ही न जुळणारी टोपीच बहुतेक वेळा सगळ्यात खरं बोलते, असं माझं ठाम मत झालं आहे.

शांततेच्या काळापासून सुरुवात करू. प्रशियाने 1842 मध्ये टोकदार भाल्याचं चामडी शिरस्त्राण, म्हणजे पिकलहाउब, स्वीकारलं. बव्हेरियाने ते 1886 मध्ये घेतलं. तोफखान्याच्या शिरस्त्राणावर भाल्याऐवजी गोळा असे. बव्हेरियाच्या तोफखान्याने मात्र भालाच ठेवला. हे ठाऊक नसेल तर त्यांचा अस्सल फोटोही चुकीचा वाटतो. शिवाय प्रत्येक शिपायाच्या नावे कपड्यांच्या अनेक प्रती असत. नवी कोरी प्रत कोठारात, त्याखालची संचलनाला, आणि विटलेली, ठिगळं लावलेली रोजच्या कवायतीला. त्यामुळे एकाच माणसाच्या अंगावर दोन वयांचे कपडे दिसणं ही रोजचीच गोष्ट होती. त्यात हौसेची भर. साध्या शिपायाला सरकारी टोपी मिळे ती पुढच्या झापेविना, चपटी. ऐपत असलेला तरुण पदरच्या पैशाने झापेची, चांगल्या कापडाची टोपी शिवून घेई आणि सुट्टीवर घरी आला की तीच घालून फोटोला बसे. सरकारी कोट आणि खाजगी टोपी, दोन्ही त्याचीच.

सेवा संपवून घरी जाणाऱ्या शिपायांच्या आठवणीच्या तसबिरी तर मुळातच जोडकाम असत. रंगीत छापील चित्रात गणवेश, घोडा, शिरस्त्राण सगळं तयार. मधे फोटोतला चेहरा कापून चिकटवायचा. अशी तसबीर पाहून गणवेशाबद्दल निष्कर्ष काढू नये. पण ती घरच्या भिंतीवर अभिमानाने टांगली जाई, हेही विसरू नये.

लोकांची नजर गणवेशावर होती, त्याच्या तपशिलावर नव्हती. 1906 च्या ऑक्टोबरमध्ये विल्हेल्म फोग्ट या चांभाराने जुन्या बाजारातून तुकड्यातुकड्याने कॅप्टनचा पोशाख जमवला, रस्त्यातले शिपाई आपल्या हुकुमाखाली घेतले आणि कोपेनिकच्या महापौराला अटक करून तिजोरी रिकामी केली. पोशाख अस्सल आहे का, हे तपासायचं कोणाच्या मनातही आलं नाही.

आणि मग 1914. माझ्या मते खरा खजिना या पुढच्या दोन वर्षांत आहे. ब्रिटिश नाकेबंदीमुळे बाहेरून येणारं चामडं थांबलं आणि शिरस्त्राणं नमद्याची, पत्र्याची, अगदी दाबलेल्या कागदाचीही बनू लागली. लांडश्टुर्म, म्हणजे वयस्कांच्या राखीव दलातल्या शिपायांना मेणकापडाची टोपी मिळाली, पुढे पितळी क्रॉस, आणि अंगावर कोठारातला जुना निळा कोट. लढाईसाठी हा निळा कोट युद्धापूर्वीच मागे पडला होता, कारण 1910 पासून रणांगणासाठी राखाडी फेल्डग्राऊ गणवेश लागू झाला होता. पुढे भाला काढता येईल असं शिरस्त्राण आलं. टोपीचा लाल पट्टा शत्रूला दिसू नये म्हणून त्यावर राखाडी कापडाची पट्टी बांधली जाऊ लागली. फोटोत अशी टोपी पट्टाच नसल्यासारखी दिसते. 1916 च्या सुरुवातीला व्हर्दनच्या लढाईत पोलादी शिरस्त्राण, म्हणजे श्टालहेल्म, आलं, पण पहिल्यांदा ते हल्ल्याच्या तुकड्यांना मिळालं. म्हणून त्या वर्षाच्या एकाच गटफोटोत पोलाद, चामडं आणि कापड शेजारी शेजारी बसलेलं असतं. तो फोटो बनावट नाही. पुरवठा कुठवर आणि कोणापर्यंत पोचला होता, त्याचा तो पुरावा आहे.

टोपीवरच्या बिल्ल्यांनी तारीखही लागते. 1897 पासून राज्याच्या बिल्ल्याच्या जोडीला साम्राज्याचा काळा-पांढरा-लाल बिल्ला आला. एकच बिल्ला असेल तर फोटो बहुधा त्याआधीचा. 1918 च्या नोव्हेंबरमध्ये क्रांतिकारी शिपायांनी हेच बिल्ले उपटून काढले. 1934 मध्ये टोप्यांवर स्वस्तिकधारी गरुड आला, 1943 मध्ये सर्वांसाठी झापेची नवी टोपी. जुन्या मात्र शेवटपर्यंत चालत राहिल्या.

पण न जुळण्याचं एक कारण शिपायाचं नाही, सरकारचंही नाही. ते कॅमेऱ्यातल्या काचेच्या प्लेटचं आहे. साध्या प्लेटला निळा प्रकाश भरपूर कळे, लाल जवळजवळ कळतच नसे. 1873 मध्ये बर्लिनच्या हेरमान विल्हेल्म फोगेल यांनी रंगद्रव्य मिसळून तिला हिरव्याचं भान दिलं, तरी अशा प्लेटांना लाल काळाच राहिला. आता पायदळाची प्रशियन टोपी आठवा: निळी, लाल पट्ट्याची. तोफखान्याची: निळी, काळ्या पट्ट्याची. फोटोत दोन्ही पट्टे काळेच! त्यात निळा कोट अपेक्षेपेक्षा फिका उतरतो, आणि टोपी भलत्याच पलटणीची वाटते.

हल्ली संगणकाने जुने फोटो रंगवण्याची लाट आहे आणि तिथे ही चूक पक्की होते, याचा मला मनापासून राग येतो. पट्टा काळा दिसला म्हणून काळा रंगवला, की पायदळाचा पोरगा तोफखान्यात भरती झाला. पुढे त्याची नातवंडं भलत्याच रेजिमेंटच्या नोंदी चाळत बसतात. रंग भरण्याआधी भिंग घेऊन खांदापट्टी पाहावी. आकड्याच्या वर पेटत्या गोळ्याचं चिन्ह असेल तर तो मैदानी तोफखान्याचा. नुसता आकडा असेल तर टोपीचा पट्टा लाल असण्याचीच शक्यता जास्त.