चूक पोटात घालणारी दोरी

अंबाडीची दावी वळताना आजोबा सांगायचे, दोरीला पीळ असतो, वेणीला नसतो. पीळ सैल पडला की दोरीचे पेड उकलतात. वेणीचे पेड मात्र एकमेकांना धरून राहतात. गळ टाकायची हौस लागल्यावर छत्रपती संभाजीनगरच्या दुकानात मी पहिल्यांदा ‘ब्रेडेड’ दोरी हातात घेतली, तेव्हा बोटांनी ती लगेच ओळखली. चार किंवा आठ बारीक पेड घट्ट विणलेली ही वेणीच.

वाळूजच्या एका कारखान्यात मी ३० वर्षे मालाची ताकद तपासली. पट्टी यंत्रात धरायची आणि तुटेपर्यंत ताणायची, हे रोजचे काम. त्यामुळे दोरी घेतानाही माझी नजर आधी ताणाच्या आकड्यावर गेली. आपला तंगूस, म्हणजे नायलॉनची एकसंध दोरी, ८ किलो ताणासाठी साधारण ०.३५ मिलिमीटर जाडीचा लागतो. तेवढाच ताण विणलेली दोरी ०.२ मिलिमीटरच्या आसपास सोसते. बारीक असल्यामुळे ती वाऱ्याला कमी अडते, लांब जाते, रिळावर जास्त मावते. तंगुसाहून बरीच महाग होती, तरी घेतली आणि थेट गळाला बांधली.

नाथसागर जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. तिथे मी गळ टाकत नाही. त्याच्या धरणाच्या खाली आपेगावच्या बाजूला, परवानगी असलेल्या काठावर बसतो. त्या पहाटे कणकेच्या गोळीला रोहू लागला. मी सवयीने जोरात हिसका दिला आणि दोरी एकदम सैल पडली. गळ वर आला तेव्हा त्याच्या टोकाला माशाच्या ओठाचा तुकडा होता.

शेजारी बसलेले भोईमामा म्हणाले, “लई ताठ हाय तुमची दोरी. रोहूचं तोंड मऊ असतंय, त्याला इतका हिसका सोसत न्हाई.”

थोड्या वेळाने गळ पाण्यातल्या बाभळीच्या खुंटात अडकला. मी दोरी तळव्याला गुंडाळून ओढली. ती तुटली नाही, माझ्या बोटात घुसली. मामांनी पाण्याने जखम धुऊन रुमाल बांधला आणि पुन्हा कधी दोरी हाताला गुंडाळू नका म्हणून बजावले. आता अडकलेली दोरी मी लाकडाच्या तुकड्याला गुंडाळूनच ओढतो.

मामांच्या काठीला साधा तंगूस होता. मी विसरलो होतो ती गोष्ट त्यात होती. कारखान्यात आम्ही पट्टी किती ताणाला तुटते एवढेच पाहत नसू. तुटण्याआधी ती किती लांबते, तेही लिहीत असू. चांगला तंगूस तुटायच्या आधी सुमारे २० टक्के लांबतो. ३० मीटर दोरी पाण्यात असेल तर ती ३६ मीटरपर्यंत जाईल. विणलेली दोरी तेवढ्यात जेमतेम मीटरभर देते. माशाची उसळी, आपला घाईचा हिसका, रिळाचा जास्त आवळलेला ब्रेक, या साऱ्या चुका तंगूस पोटात घालतो. नवशिक्याने म्हणूनच तंगुसापासून सुरुवात करावी, असे माझे ठाम मत आहे. त्याचे दोष मात्र ओळखून असावे. ऊन त्याला कमजोर करते, पाणी शोषून तो नरम पडतो, रिळावर राहून वेटोळी धरतो. दर हंगामाला तो बदलावा.

विणलेली दोरी वाईट नाही, तिची जागा वेगळी आहे. तिचा धागा पॉलिथिनचा, दुधाच्या पिशवीच्याच कुळातला. पण त्याचे लांबलचक रेणू ओढून एका दिशेत सरळ केलेले असतात. ही युक्ती १९७० च्या दशकाच्या अखेरीस नेदरलँड्सच्या डीएसएम कंपनीत सापडली. वजनास वजन धरले तर हा धागा पोलादाहून कितीतरी बळकट भरतो, आणि पाण्यावर तरंगतो. जलपर्णीत दडी मारलेल्या मरळीला ओढून काढायचे तर हीच दोरी हवी. ती फारशी लांबत नाही, म्हणून माशाने आमिष नुसते चाखले तरी हाताला कळते. पण दगडाच्या धारेवर घासली की पेड तुटत जातात. शिवाय ती गुळगुळीत. साधी गाठ सुटते, दुहेरी दोरीची गाठ मारावी लागते. रिळावरही ती फिरत राहते, म्हणून खाली थोडा तंगूस आधी गुंडाळावा.

तिसरा प्रकार फ्लुरोकार्बनचा. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, याचा १.४२, नायलॉनचा १.५३ च्या आसपास. पाण्याशी जितका जवळ, तितकी दोरी कमी दिसते. ती जड, बुडणारी आणि घासणीला टिकणारी आहे. पावसाळ्याच्या गढूळ पाण्यात त्या अदृश्यपणाचा उपयोग थोडा. हिवाळ्यात पाणी निवळले की खरा. आख्खे रीळ भरण्याची गरज नाही. विणलेल्या दोरीच्या टोकाला हात-दोन हात जोडली तरी पुरते.

आज माझ्याकडे दोन काठ्या आहेत. रोहू-कटल्यासाठी तंगूस, मरळीसाठी विणलेली दोरी.

आजोबांचे दावे तुटले की उकिरड्यात जायचे आणि खत होऊन शेतात परत यायचे. या तिन्ही दोऱ्या तशा कुजत नाहीत. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली बंदी घातली ती पक्ष्यांचे पंख आणि माणसांचे गळे कापले जात होते म्हणून. काठावर पडलेला तंगूसही बगळ्याच्या पायात तसाच आवळतो. आमची चूक तो पोटात घालतो, पण माती त्याला पोटात घेत नाही. म्हणून माझ्या पिशवीत झाकणाची एक रिकामी बरणी असते. उठण्याआधी मी आणि मामा काठ धुंडाळतो, आणि दुसऱ्यांनी टाकलेले तुकडेही त्याच बरणीत भरून घरी नेतो.