नवी सुई मागायला लाजायचं कशाला?



मागच्या महिन्यात सातवीतला एक मुलगा मधल्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन उभा राहिला. "बाई, आजीच्या इन्सुलिनच्या सुया आणायला गेलो होतो. मेडिकलवाल्या काकांनी दिल्या नाहीत. कशाला पाहिजेत, म्हणून ओरडले." त्याचे आई-बाबा पहाटे बोईसरला कंपनीत जातात, परततात तेव्हा अंधार पडलेला असतो. मग आजीने काय केलं? जुनीच सिरिंज गरम पाण्यातून काढून आठवडाभर वापरली. आणि पुढचं वाक्य ऐकून तर माझ्या पोटात गोळाच आला. "शेजारच्या आजोबांच्या पण सुया संपलेल्या. त्यांनी पण तीच घेतली."

दोघंही भली माणसं. कुणाचंही वाईट करायचं मनात नव्हतं. म्हणूनच हा विषय आज घेतला आहे.

एका सुईने दोघांना काय होतं?

वर्गात हा प्रयोग करून दाखवा. खरी सुई मुळीच आणू नका. साधा ड्रॉपर पुरे. ड्रॉपरने शाई ओढा आणि सगळी बाहेर टाका. ड्रॉपर रिकामा दिसेल. आता त्यानेच स्वच्छ पाणी ओढा. पाणी निळसर होतं! म्हणजे शाई गेली असं आपल्याला वाटलं, पण ती थोडी आत राहिलीच होती.

सिरिंजचंही तसंच आहे. टोचताना रक्ताचा डोळ्यांना न दिसणारा अंश सुईत येतो. त्या रक्तात हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी किंवा एचआयव्हीचे विषाणू असतील, तर ते थेट दुसऱ्याच्या शरीरात जातात. हिपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेरही किमान सात दिवस तग धरू शकतो. आणि यातला कुठलाही आजार चेहऱ्यावर लिहिलेला नसतो. कित्येकांना आपल्याला लागण झाली आहे हे वर्षानुवर्षं कळतही नाही.

गरम पाण्याने भागत नाही का?

नाही. पूर्वी डॉक्टर काचेची सिरिंज उकळून घ्यायचे, ते आपल्या घरातल्या मोठ्यांना आठवत असेल. पण आताची प्लास्टिकची सिरिंज एकदाच वापरायची म्हणून बनवलेली असते. कारखान्यातच ती निर्जंतुक करून पाकिटात बंद करतात. पाकीट फाटलं की ती भरवशाची राहिली नाही. दवाखान्यात अवजारं निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्हमध्ये दाबाखालची १२१ अंश सेल्सिअसची वाफ लागते. घरच्या पातेल्यात ते जमणार नाही.

हे खरंच घडतं का?

आपल्या शेजारच्या गुजरातमध्ये, तेव्हा साबरकांठा जिल्ह्यात असलेल्या मोडासा परिसरात २००९ साली हिपॅटायटिस बीची मोठी साथ आली. अनेक माणसं दगावली. तपासात बोट गेलं ते इंजेक्शनच्या सुया-सिरिंज पुन्हा वापरण्याकडे. काही रुपयांची बचत, आणि किंमत माणसांच्या जिवाची.

मेडिकलच्या काउंटरवर

मी त्या मुलासोबत दुकानात गेले. दुकानदार म्हणाले, "बाई, हल्ली पोरं नशा करतात. उद्या माझ्यावर आलं तर?" त्यांची भीती खोटी नव्हती. लहान मुलाच्या हाती सिरिंज देताना चौकशी करावीच. पण चौकशी करणं वेगळं आणि हाकलून देणं वेगळं. सुई मिळाली नाही म्हणून आजीचा मधुमेह थांबला नाही; थांबली ती फक्त नवी सुई.

नशा करणाऱ्याचंही तेच आहे. सुई नाकारली म्हणून व्यसन सुटत नाही, तो दुसऱ्याची वापरलेली सुई घेतो. मग आजार त्याच्या घरात, बायकोपर्यंत पोचतो. म्हणूनच मुंबईत संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्टसारख्या संस्था अशा लोकांना जुन्या सुया घेऊन नव्या देतात आणि उपचाराची वाटही दाखवतात. एचआयव्ही-एड्सविषयीच्या २०१७ च्या कायद्यानेही सुया बदलून देण्याच्या अशा कामाला संरक्षण दिलं आहे. याने नशा वाढेल असं अनेकांना वाटतं. पण देशोदेशीच्या अभ्यासांत तसं आढळलेलं नाही. लागण मात्र कमी झालेली दिसली.

आमचं काय ठरलं? आजीच्या औषधाच्या चिठ्ठीची प्रत दुकानात राहील आणि महिन्याच्या सुया एकदमच घ्यायच्या. शेजारच्या आजोबांचंही तसंच. दोघांनाही रक्ततपासणीसाठी सरकारी दवाखान्यात जायला सांगितलं.

पालकांनी एवढं लक्षात ठेवा

१. इंजेक्शन घेताना पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा. हा डॉक्टरांचा अपमान नाही.

२. इन्सुलिनच्या बाटलीवर ४० लिहिलं असेल तर ४० ची (लाल टोपणाची) सिरिंज, १०० असेल तर १०० ची (केशरी टोपणाची). अदलाबदल झाली तर डोस अडीचपट चुकतो.

३. सुई, सिरिंज किंवा इन्सुलिन पेन घरातल्या घरातही दुसऱ्याला देऊ नका.

४. वापरलेली सुई जाड प्लास्टिकच्या बरणीत टाकून झाकण घट्ट लावा. बरणीवर नाव लिहून घंटागाडीत वेगळी द्या, किंवा आरोग्य केंद्रात विचारा. शेतात, नाल्यात, सूर्या नदीच्या काठी टाकू नका. तिथे आपलीच पोरं अनवाणी खेळतात.

५. पडलेली सुई टोचली तर जखम दाबू नका. साबण-पाण्याने धुवा आणि लगेच दवाखाना गाठा. एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. जितक्या लवकर तितकं बरं.

६. बाळाला हिपॅटायटिस बीची पहिली लस जन्मानंतर २४ तासांत मिळाली का, ते कार्डावर बघा.

एचआयव्हीविषयी शंका असेल तर १०९७ हा मोफत क्रमांक आहे.

परवा तो मुलगा पुन्हा आला. म्हणाला, "बाई, आता काका विचारतात, आजी कशी आहे?" एवढंच तर हवं होतं. शिक्षक मित्रांनो, ड्रॉपरचा प्रयोग तुमच्या वर्गात नक्की करा आणि मुलांना घरी जाऊन सांगायला लावा. घरातल्या मोठ्यांना आपलं नाही पटलं, तरी नातवाचं पटतं.