फांगण्याची आजीबाईंची शाळा

ठाणे जिल्ह्यातील मुरबाड तालुक्यातील फांगणे गावात ८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनी, आजीबाईंची शाळा सुरू झाली. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती उभी केली आणि मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टने तिला हातभार लावला. साठी ओलांडलेल्या, काही तर नव्वदीला टेकलेल्या या बायकांनी लहानपणी शाळेचे तोंडही पाहिले नव्हते. घरची गरिबी, धाकट्या भावंडांचा सांभाळ आणि लवकर झालेले लग्न यांत शिकणे राहूनच गेले होते.

वर्ग दुपारी भरतो, कारण सकाळ शेतात आणि चुलीपाशी जाते. गुलाबी लुगडे हा गणवेश. खांद्यावर दप्तर, दप्तरात पाटी-पेन्सिल. आधी मुळाक्षरे आणि अंक, मग स्वतःचे नाव. कुणाची नजर अधू, कुणाला ऐकू कमी येते, त्यामुळे अक्षरे मोठी काढावी लागतात आणि तोच धडा अनेकदा घ्यावा लागतो. घरी अभ्यास घ्यायला नातवंडे असतात, आणि ती चुका काढायला कचरत नाहीत.

परीक्षा पास होणे हा येथे हेतूच नाही. बँकेत अंगठा उमटवण्याऐवजी सही करता येणे या बायकांना फार मोलाचे वाटते, आणि ते रास्तच आहे. ज्या कागदावर आपण सही करतो तो कशाचा आहे, एवढे तरी त्यामुळे विचारता येते.