पतंगांची नामसूची व वर्गीकरण : नाव, नमुना आणि जाती

प्राणिशास्त्राच्या अभ्यासकाला पतंगांच्या विस्ताराची पहिली कल्पना येते ती बहुधा एखाद्या आकड्यावरून. लेपिडॉप्टेरा म्हणजे खवलेपंखी गणातील ज्ञात आणि हयात जातींची संख्या २०११ साली प्रसिद्ध झालेल्या गणनेत १,५७,४२४ अशी दिलेली आहे. तीतून फुलपाखरांच्या सुमारे १९,००० जाती वगळल्या म्हणजे उरलेल्या एक लाख अडतीस हजारांच्या आसपासच्या जाती पतंगांच्या ठरतात. आकडा एककापर्यंत दिलेला असल्यामुळे जाती प्रत्यक्ष मोजून तो काढला असावा, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः अडीचशेहून अधिक वर्षांत दिल्या गेलेल्या नावांची छाननी होऊन, पुनरुक्ती काढून टाकल्यावर शिल्लक राहिलेला हा आकडा होय. ती छाननी कशी होते, तिच्यात चुका कोठून शिरतात आणि त्या चुकांची किंमत कोणाला मोजावी लागते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आरंभ

प्राण्यांच्या शास्त्रीय नामकरणाचा आरंभ १७५८ सालापासून धरला जातो. त्या वर्षी लिनीअसच्या ‘सिस्टिमा नॅच्युरी’ या ग्रंथाची दहावी आवृत्ती निघाली. तीत त्याने सर्व खवलेपंखी कीटकांची वाटणी अवघ्या तीन प्रजातींत केली : दिवसा उडणारे ते पॅपिलिओ, संधिप्रकाशात उडणारे ते स्फिंक्स आणि रात्री उडणारे ते फॅलीना. फॅलीनाचे त्याने पुढे बॉम्बिक्स, नॉक्टुआ, जिऑमेट्रा, टॉर्ट्रिक्स, पायरॅलिस, टिनीआ आणि ॲल्युसिटा असे सात पोटविभाग केले. ही सातही नावे आज स्वतंत्र कुलांच्या नावांत टिकून आहेत. लिनीअसची विभागणी स्थूल होती खरी. परंतु प्रत्येक जातीला दोन शब्दांचे नाव देऊन तिचे संक्षिप्त वर्णन करावयाचे, ही पद्धत त्याने रूढ केली आणि तिच्यामुळेच पुढील सर्व नामसूची शक्य झाली.

लंडनच्या संग्रहालयातील तीन कार्यकर्ते

एकोणिसाव्या शतकात जगाच्या सर्व भागांतून गोळा केलेले पतंग लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये येऊन पडू लागले. त्यांची नोंद करण्याचे काम फ्रान्सिस वॉकर याच्याकडे आले. त्याने १८५४ ते १८६६ या काळात तेथील खवलेपंखी नमुन्यांची यादी पस्तीस भागांत प्रसिद्ध केली आणि तीत हजारो नव्या जाती वर्णिल्या. वॉकरची वर्णने मुख्यतः रंग, ठिपके आणि पंखांची लांबी यांवर आधारलेली होती. एकाच जातीचे नर व मादी, किंवा दोन देशांतून आलेले एकाच जातीचे नमुने, त्याच्या हातून अनेकदा निरनिराळ्या नावांखाली नोंदले गेले. पुढील अभ्यासकांचा पुष्कळ वेळ ही अधिकची नावे ओळखून काढण्यात गेला.

दुसरे नाव सर जॉर्ज हॅम्पसन यांचे. निलगिरीत चहाचे मळे सांभाळीत असताना त्यांना पतंगांचा छंद जडला. भारत व लगतच्या प्रदेशांतील पतंगांवरील त्यांचे चार खंड १८९२ ते १८९६ या काळात निघाले आणि त्यानंतर संग्रहालयातील पतंगांचा त्यांचा विस्तृत सूचिग्रंथ १८९८ ते १९२० या कालावधीत प्रसिद्ध झाला. हॅम्पसन यांनी पंखांतील शिरांच्या रचनेला महत्त्व दिले आणि ओळख पटविण्यासाठी क्रमवार कोष्टके तयार केली. याच भारतीय ग्रंथमालेत बेल आणि स्कॉट यांनी स्फिंजिडी कुलावरचा पाचवा खंड १९३७ साली लिहिला. बेल हे कारवारच्या परिसरात वनखात्यात होते. अळ्या पाळून त्यांची खाद्यवनस्पती व अवस्थांतरे नोंदविल्यामुळे त्यांच्या खंडाला केवळ मृत नमुन्यांवर लिहिलेल्या सूचींहून वेगळे मोल आले.

तिसरे नाव एडवर्ड मेरिक यांचे. व्यवसायाने शिक्षक असलेल्या ह्या गृहस्थांनी सूक्ष्म पतंगांच्या हजारो जाती एकट्याने वर्णिल्या. जननेंद्रियांच्या रचनेवरून जाती ओळखण्याची पद्धत त्यांच्या हयातीतच पुढे आली होती, तथापि त्यांनी ती अखेरपर्यंत स्वीकारली नाही. १९३८ साली त्यांचे निधन झाल्यावर त्यांचा लाखावर नमुन्यांचा संग्रह त्याच संग्रहालयात आला. प्रत्येक नावाचा आधार असलेला नमुना कोणता, हे मात्र पुष्कळ ठिकाणी ठरवावयाचे राहिले होते. ते काम अमेरिकेतील गेट्स क्लार्क यांनी हाती घेतले. त्यांचा सचित्र आठ खंडांचा ग्रंथ १९५५ ते १९७० या काळात पूर्ण झाला. म्हणजे एका माणसाने दिलेली नावे वापरण्याजोगी व्हावीत यासाठी दुसऱ्याला अनेक वर्षे खर्ची घालावी लागली.

प्ररूपाचे महत्त्व

येथे नामकरणाचे मूलभूत तत्त्व स्पष्ट करणे आवश्यक आहे. जातीचे नाव वर्णनाला चिकटलेले नसून एका विशिष्ट नमुन्याला चिकटलेले असते. त्या नमुन्याला प्ररूप असे म्हणतात. वर्णन अपुरे किंवा चुकीचे असले तरी प्ररूप पुन्हा तपासता येतो. रंगावरून दिलेले नाव शंभर वर्षांनी जननेंद्रिये पाहून आणि आज जनुकीय द्रव्य तपासून पारखता येते. दुसरे तत्त्व अग्रक्रमाचे. एकाच जातीला दोन नावे दिली गेली असल्यास सामान्यतः आधीचे नाव ग्राह्य आणि नंतरचे त्याचे पर्यायनाम ठरते. दोन नावे एकाच जातीची आहेत की नाहीत, हा मात्र नियमाचा प्रश्न नसून निरीक्षणाचा आहे आणि त्याचे उत्तर दोन्ही प्ररूप समोर ठेवल्याशिवाय खात्रीने देता येत नाही.

प्ररूप नष्ट झाल्यास काय होते, याचे उदाहरण व्हिएन्नाचे आहे. डेनिस आणि शिफरम्युलर यांनी १७७५ साली त्या परिसरातील पतंगांना व फुलपाखरांना शेकडो नावे दिली. पुष्कळ नावांसोबतचे वर्णन एखाद्या ओळीपलीकडे जात नव्हते. त्यांचा संग्रह १८४८ सालच्या उठावात लागलेल्या आगीत जळून गेला. नावे राहिली, नमुने गेले. त्यांपैकी अनेक नावांचा अर्थ तेव्हापासून इतरांच्या लिखाणावरून आणि परंपरेवरून लावावा लागत आहे.

बोंडअळीचे उदाहरण

हा सारा विचार केवळ ग्रंथालयातला नाही. आपल्याकडे हरभऱ्यावर जिला घाटेअळी आणि कपाशीवर हिरवी किंवा अमेरिकन बोंडअळी म्हणतात, तिचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. हा पतंग हेलिओथिस आर्मिजेरा या नावाने, तर कित्येक ग्रंथांत हेलिओथिस ऑब्सोलेटा या नावाने ओळखला जात असे; आणि अमेरिकेतील मक्याच्या कणसावरची अळीही त्याच जातीची आहे, असा समज दीर्घकाळ होता. पंखांवरून दोघांत भेद करणे जवळजवळ अशक्य असल्याने त्या समजाला बाह्य लक्षणांचा आधारही होता. कॅनडातील हार्डविक यांनी १९६५ साली जगभरच्या नमुन्यांची जननेंद्रिये तपासून हा समूह हेलिकोव्हर्पा या नव्या प्रजातीत वेगळा काढला आणि जुन्या जगातील आर्मिजेरा व अमेरिकेतील झीआ या दोन स्वतंत्र जाती असल्याचे दाखविले. नराच्या जननेंद्रियांतील पडद्यासारख्या भागाच्या बुडाशी झीआत तीन फुगवटे असतात, तर आर्मिजेरात एकच. भेद एवढाच, आणि तोही सूक्ष्मदर्शकाखाली विच्छेदन केल्यावरच दिसणारा. ‘अमेरिकन’ हे आपल्याकडील लोकनाम मात्र तसेच राहिले. वास्तविक आपली बोंडअळी अमेरिकेची नव्हे.

या भेदाचे व्यावहारिक महत्त्व २०१३ साली ब्राझीलमध्ये प्रत्ययास आले. तेथील कपाशी व सोयाबीन पिकांवरील अळ्या आर्मिजेराच्या असल्याचे त्या वर्षी जाहीर झाले. जपून ठेवलेले जुने नमुने तपासता ही जाती काही वर्षे आधीच तेथे पोहोचली होती असे आढळले. दिसण्यात ती स्थानिक झीआसारखीच असल्याने ती कोणाच्या ध्यानात आली नव्हती. कीटकनाशकांना दाद न देण्याची आर्मिजेराची ख्याती पाहता ही काही वर्षे शेतकऱ्यांच्या दृष्टीने थोडी नव्हती. पुढे या दोन जातींचा संकर होत असल्याचेही तेथे दिसून आले. नाव चुकले की त्यामागचे औषध, मात्रा आणि उपाययोजनेची वेळ ही सर्वच चुकण्याचा संभव असतो.

दुसरे उदाहरण गुलाबी बोंडअळीचे. तिचे वर्णन साँडर्स यांनी भडोचहून आलेल्या कपाशीवरील नमुन्यांवरून केले आणि तिला डिप्रेसेरिया गॉसिपिएला असे नाव दिले. त्यानंतर ती गेलेकिया, प्लॅटीएड्रा अशा प्रजातींतून फिरली आणि १९१७ साली बुस्क यांनी तिच्यासाठी पेक्टिनोफोरा ही प्रजाती स्थापिली. म्हणून आज पेक्टिनोफोरा गॉसिपिएला या नावापुढे ‘साँडर्स, १८४४’ हे शब्द कंसात लिहितात. लेखकाने जाती मुळात दुसऱ्या प्रजातीत वर्णिली होती, एवढाच त्या कंसाचा अर्थ. तो गाळल्यास वाचकाला जुने संदर्भ शोधण्याची वाट बंद होते.

कार्डांपासून संगणकापर्यंत

विखुरलेली नावे एकत्र ठेवण्याचे मुख्य साधन म्हणजे लंडनच्या संग्रहालयातील कार्डसूची. एका नावाला एक कार्ड, त्यावर लेखक, वर्ष, ग्रंथ आणि पृष्ठ, अशी ही व्यवस्था वाढत वाढत अडीच लाखांहून अधिक कार्डांपर्यंत गेली. प्रजातींच्या नावांचा भाग नाय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ ते १९९१ या काळात सहा खंडांत छापला, आणि जातींची कार्डे २००३ साली ‘लेपइंडेक्स’ या नावाने संगणकावर खुली झाली. दरम्यान नॉक्टुइडी कुलाची पूल यांनी १९८९ साली, तर जिऑमेट्रिडी कुलाची स्कोबल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली स्वतंत्र जागतिक सूची सिद्ध केली. ‘लेपइंडेक्स’ वापरताना एक गोष्ट लक्षात ठेवावी : ती मुळात नावांची सूची आहे, प्रत्येक नावामागच्या जातीची फेरतपासणी तिने केलेली नाही. ते काम एकेका कुलाच्या तज्ज्ञानेच करावे लागते.

वर्गीकरणातील बदल

नामसूचीत जाती कोठे ठेवावयाची, हे वर्गीकरण ठरविते आणि तेही स्थिर नाही. जनुकीय पुराव्यांमुळे पूर्वीचे आर्क्टिइडी आणि लिमँट्रिइडी ही कुले आता इरेबिडी कुलातील उपकुले मानली जातात. त्यामुळे केसाळ अळ्यांच्या अनेक परिचित जातींचे कुल जुन्या पाठ्यपुस्तकांत वेगळे आढळेल. अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातील हेडिलिडी कुल रात्री उडणारे व पतंगासारखे दिसणारे असूनही ते फुलपाखरांजवळचे आहे, असे स्कोबल यांनी १९८६ साली मांडले. जनुकीय पुराव्याने ते मत दृढ झाले असून आज या कुलाची गणना फुलपाखरांतच होते. फुलपाखरे ही पतंगांच्या वंशवृक्षाचीच एक फांदी ठरल्याने ‘पतंग’ हा शब्द शास्त्रीय गट दर्शवीत नाही. फुलपाखरे वजा जाता उरलेले ते पतंग, एवढाच त्याचा अर्थ राहतो.

२००३ साली हेबर्ट यांनी मांडलेली, मायटोकाँड्रियातील एका जनुकाच्या सुमारे साडेसहाशे घटकांवरून जाती ओळखण्याची पद्धत आज सर्वत्र वापरात आहे. अळी, कोश किंवा तुटका पंख यांवरूनही ओळख पटते, हा तिचा मोठा लाभ. तथापि हे जनुक केवळ मातेकडून येत असल्याने संकर तिच्या दृष्टीस पडत नाही. आणि मिळालेला क्रम ज्या नमुन्याशी ताडून पाहावयाचा, त्याचेच नाव चुकीचे असेल तर उत्तरही चुकीचेच येते. नवे तंत्र आले तरी प्ररूपाची गरज संपलेली नाही.

अभ्यासकांसाठी निष्कर्ष

विभागातील संशोधकांनी यावरून काही गोष्टी ध्यानी घ्याव्यात. प्रबंधात जातीचे नाव लेखक व वर्षासह द्यावे. ओळख कोणी व कोणत्या लक्षणांवरून पटविली ते नमूद करावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ज्या नमुन्यांवर निष्कर्ष आधारलेला आहे त्यांतील काही नमुने स्थळ, दिनांक व खाद्यवनस्पती यांच्या चिठ्ठीसह मान्य संग्रहालयात ठेवावेत. प्रयोग अचूक असला आणि जातीचे नाव चुकीचे असले, तर नमुना उपलब्ध असल्यास नाव दुरुस्त करून प्रयोग वाचविता येतो. नमुना नसल्यास तो प्रयोग कोणत्या प्राण्यावर केला होता हेच कधी कळणार नाही.