तफावतीवर पोसलेल्या टोळ्या

२५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना नाशिक जिल्ह्यातल्या मनमाडजवळ भरदिवसा पेटवून देण्यात आले. पानेवाडीच्या तेल डेपोंच्या परिसरात चाललेला भेसळीचा उद्योग त्यांनी पाहिला आणि मोबाइलवर टिपायला घेतला, एवढाच त्यांचा अपराध. मुख्य आरोपी पोपट शिंदे त्याच आगीत भाजला आणि काही दिवसांत मेला. सरकारी कर्मचारी संपावर गेले, राज्यभर छापे पडले. हे राक्षस आले कुठून, असे जो तो विचारत होता. रॉकेलचा आणि डिझेलचा भाव काय, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही. रेशनचे रॉकेल तेव्हा लिटरला १२-१३ रुपयांना मिळे, डिझेल ४० रुपयांच्या पुढे होते आणि पेट्रोल ६० च्या वर. हजार लिटर रॉकेल डिझेलमध्ये मुरवले की २५ हजारांहून अधिक रुपये सुटत. गरिबाची चूल पेटावी म्हणून सरकारने भाव पाडला, तो हेतू चांगलाच होता. पण त्या पाडलेल्या भावावर राखणदार मोजके होते आणि त्यातल्या काहींचे हात ओले होते. उत्तर प्रदेशात लखीमपूर खेरीला मंजुनाथ षण्मुगम या इंडियन ऑइलच्या तरुण अधिकाऱ्याला नोव्हेंबर २००५ मध्ये याच भेसळीपायी गोळ्या घातल्या गेल्या होत्या. नाशिकपासून शेकडो कोस दूर, निराळ्या भाषेत आणि निराळ्या जातगोतात तोच गुन्हा घडला, कारण भावातली दरी तीच होती.

गेल्या तीसेक वर्षांतला नाशिक जिल्हा समोर ठेवला की संघटित गुन्हेगारीचे हे मूळ उघडे पडते. सरकार जिथे एखाद्या वस्तूचा भाव, परवाना किंवा मक्ता आपल्या हाती ठेवते आणि त्या हाताची राखण ढिली सोडते, तिथे टोळी उगवते. बनावट मुद्रांकांचे तेलगी प्रकरण याचाच पुरावा आहे. नाशिकरोडचा इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ च्या सुमारास उभा राहिला आणि देशभरचे मुद्रांक तिथे छापले जाऊ लागले. मुद्रांकाशिवाय व्यवहार पुरा होत नाही, मुद्रांक एकाच ठिकाणाहून येतो, आणि नव्वदच्या दशकात तो वेळेवर मिळत नव्हता. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या अब्दुल करीम तेलगीने ही टंचाई हेरली. प्रेसने लिलावात काढलेली यंत्रे त्याच्या हाती पडली आणि त्याने बँका, विमा कंपन्या यांसारख्या घाऊक गिऱ्हाइकांना बनावट मुद्रांक विकले. २००१ मध्ये अजमेरला अटक झाल्यावरही त्याचा धंदा आतून चालू राहिल्याचे आरोप झाले. पुढे त्याला ३० वर्षांची शिक्षा झाली, २०१७ मध्ये तो मेला. नाशिकच्या न्यायालयाने २०१८ च्या अखेरीस त्याला आणि काही रेल्वे सुरक्षा कर्मचाऱ्यांना मुद्रांकांच्या वाहतुकीतील चोरीच्या खटल्यातून पुराव्याअभावी निर्दोष ठरवले. म्हणजे आतल्या माणसांचा दुवा, जो या साऱ्या प्रकरणाचा कणा होता, तो त्या खटल्यापुरता सिद्धच झाला नाही.

याला पहिला आक्षेप गरिबीचा येतो. पोरांना काम नाही म्हणून ती टोळीत जातात, हे खरे आहे. पण त्याने टोळीला हात कुठून मिळतात एवढेच कळते, टोळी का उभी राहते ते कळत नाही. गरिबीच कारण असती तर नाशिक जिल्ह्यात टोळ्यांचे माहेर सुरगाणा आणि पेठ हे गरीब तालुके ठरले असते. प्रत्यक्षात त्या उभ्या राहिल्या पानेवाडीच्या डेपोंशेजारी आणि मुद्रांकांच्या छापखान्याभोवती. जपान गरीब नव्हता, तरीही १९६३ च्या सुमारास तिथे याकुझा टोळीवाल्यांची संख्या १ लाख ८० हजारांवर गेली होती. सिसिलीत माफिया मूळ धरू लागला तो एकोणिसाव्या शतकात, आणि त्यात भरभराटीच्या लिंबूबागांच्या परिसराचा मोठा वाटा होता. सरंजामशाही १८१२ मध्ये कागदावर संपली, जमीन विकली जाऊ लागली, पण तिचे रक्षण करणारे शासन आले नाही. बागाईतदाराने मग रक्षण विकत घेतले. दिएगो गाम्बेत्ता या अभ्यासकाने माफियाकडे संरक्षण विकणारा धंदा म्हणून पाहायला शिकवले, आणि मला ते पटते.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. तफावत मिटवली की टोळी मरते, तर मुंबई तशी का सुटली नाही? सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये गेला, त्यानंतर आयात खुली झाली, हाजी मस्तानच्या काळचा सोन्याच्या तस्करीचा धंदा आटला. टोळ्या मात्र खंडणीत आणि सुपारीत शिरल्या. इथे सिसिलीची आठवण ठेवावी लागते. मुंबईत १९८२ च्या संपानंतर गिरण्यांच्या जमिनी सोन्याच्या मोलाच्या झाल्या, भाडेकरूंचे खटले पिढ्यान् पिढ्या रेंगाळले, आणि न्यायालय ज्याचा निकाल लावत नव्हते तो लावणारा माणूस बिल्डरांना हवा होता. एक दरी बुजली आणि दुसरी, न्यायाच्या विलंबाची, उघडीच राहिली. १९९९ च्या संघटित गुन्हेगारीविरोधी मोक्का कायद्याने माणसे तुरुंगात गेली आणि चकमकी झाल्या. त्यांनी भीती आटोक्यात आणली हे नाकारता येत नाही, पण मागणी संपवली नाही.

रॉकेलचा अनुभव उलट आहे. २०१६ पासून त्याचा भाव दर महिन्याला, पुढे दर पंधरवड्याला २५ पैशांनी वाढवत नेला, त्याच वर्षी उज्ज्वला योजनेतून गॅस पोहोचू लागला आणि २०२० पर्यंत अनुदान संपले. भेसळीतला नफाच उरला नाही. सोनवणे यांच्या हत्येनंतरच्या कुठल्याही छाप्यापेक्षा हा उपाय खोल गेला, आणि तो पाच-सात वर्षे आधी झाला असता ही खंत मनातून जात नाही.

अमली पदार्थांची तफावत मात्र अशी मिटवता येत नाही, कारण ती बंदीतूनच येते आणि ही बंदी उठवावी असे मी म्हणणार नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये साकीनाका पोलिसांनी नाशिकरोडजवळच्या शिंदे गावातल्या कारखान्यावर छापा घालून सुमारे ३०० कोटींचे एमडी हे अमली द्रव्य पकडले. त्याच्या काही दिवस आधी या साखळीतला एक आरोपी पुण्याच्या ससून रुग्णालयातून पळाला होता. कैदी असून महिनोन् महिने रुग्णालयात राहिलेल्या माणसाच्या पहाऱ्यावरचे पोलीस पुढे निलंबित झाले. अशा वेळी दुसरी बाजू धरावी लागते, नफ्याची आणि आतल्या दाराची. इटलीने १९८२ मध्ये खासदार पिओ ला तोरे आणि जनरल दाल्ला किएझा यांच्या हत्यांनंतर टोळीची मालमत्ता जप्त करणारा कायदा केला आणि १९९६ मध्ये ती गावाच्या कामी देण्याची सोय केली. जपानच्या सर्व प्रांतांनी २०११ पर्यंत याकुझाशी व्यवहार करणाऱ्या कंपन्यांनाच जबाबदार धरले. आज याकुझांची संख्या २० हजारांच्या खाली आली आहे. आपल्या मोक्कातही मालमत्ता जप्तीची तरतूद आहे. शिंदे गावच्या प्रकरणात तिचा जोर ज्याने जागा दिली, रसायने पुरवली आणि दार उघडे ठेवले, त्याच्यापर्यंत जातो की भट्टीवर राबणाऱ्यापाशी थांबतो, हे त्या खटल्यांच्या निकालांत दिसेल.