ब्राझीलला निघण्यापूर्वी



ब्राझीलच्या अभ्यास दौऱ्यासाठी नाव दिलेले एक तात्या परवा आमच्या गट ऑफिसात आले. म्हणाले, "साहेब, पासपोर्ट झाला, पैसे भरले. ऊसच बघायचाय नव्हं? मग आणि काय शिकून जायचं?"

तात्यांना आम्ही आमचीच चूक सांगितली. मागच्या दौऱ्यात तिकडे एका लागणीचे पाच-पाच तोडे घेतात हे आम्ही पाहिले आणि आल्या आल्या गटातील काही सभासदांना खोडवे राखीत चला म्हणून सांगितले. चौथ्या वर्षी फडात तुटाळ पडली, टनेज निम्म्यावर आले. सल्ला आमचा, तोटा सभासदांचा. आम्ही ऊस पाहिला होता, देश पाहिला नव्हता. म्हणून यंदा हे चार शब्द आधीच.

ब्राझीलचे क्षेत्रफळ सुमारे 85 लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या देशाच्या अडीचपटीहून जास्त. लोकसंख्या मात्र 2022 च्या शिरगणतीप्रमाणे 20 कोटी 30 लाखांच्या आसपास. माणूस थोडा, जमीन अफाट. आपला सर्वसाधारण सभासद एक-दोन एकराचा. तिकडे हजारो एकर ऊस कारखान्याच्या स्वतःच्या ताब्यात असतो. सगळा देश एकसारखाही नाही. सर्वांत जास्त ऊस साओ पावलो राज्यात. तेथे तोडणी साधारण एप्रिल ते नोव्हेंबर चालते. ईशान्येच्या किनाऱ्यावर मात्र हंगाम सप्टेंबरच्या सुमारास सुरू होतो. जून-जुलैत तिकडे हिवाळा, तेव्हा स्वेटर विसरू नका.

साओ पावलोकडचा बहुतेक ऊस पावसावर, खोल तांबड्या जमिनीत. एकरी सरासरी तीस टनांच्या आसपासच! आपला चांगला बागायतदार यापेक्षा जास्त काढतो. तिकडे नफा निघतो तो कमी खर्चात, यंत्राने तोडणीत आणि जास्त खोडव्यांत. पाटपाण्याच्या आपल्या काळ्या रानाला तोच हिशेब लावला, तिथेच आमचे गणित चुकले. पाचट न जाळता शेतात ठेवण्याची त्यांची रीत मात्र खुशाल आणा.

माणसेही नाना तऱ्हेची दिसतील. पोर्तुगीज 1500 साली तेथे पोहोचले. त्याच आरमाराचा कप्तान काब्राल पुढे कालिकतला आला. आपला काजू गोव्यात आला तो पोर्तुगिजांबरोबर ब्राझीलहूनच. तिकडच्या उसाचा पाया मात्र आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांच्या घामावर उभा राहिला. गुलामगिरी कायद्याने बंद झाली ती 1888 साली. पुढे इटालियन आले, 1908 पासून जपानी आले. तेव्हा चेहरा पाहून कोणाला परदेशी समजू नका. गोठ्यात तर ओळखीचेच भेटतील : आपल्याकडून गेलेली गीर आणि ओंगोल. ओंगोलला तिकडे नेलोर म्हणतात.

भाषा पोर्तुगीज. इंग्रजी खेड्यात चालत नाही. आभार मानताना पुरुषाने 'ओब्रिगादो', बाईने 'ओब्रिगादा' म्हणावे. भात आणि घेवड्याची उसळ सगळीकडे मिळते, पण उसळीत मांसाचे तुकडे असू शकतात. माळकऱ्यांनी 'सेम कार्ने', म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द पाठच करावेत. उसाचा रस हवा तर 'काल्दो दे काना' मागा. 'काशासा' म्हणालात तर रसाचीच, पण दारू पुढे येईल!

पेट्रोल पंपावर निव्वळ इथेनॉलही मिळते. 1975 साली सरकारने ही योजना सुरू केली आणि 2003 पासून दोन्हींवर चालणाऱ्या मोटारी आल्या. दर पाहून गाडीवाला इंधन निवडतो आणि कारखाना साखर करायची की इथेनॉल ते ठरवतो. त्याचा परिणाम जगाच्या साखर बाजारावर, म्हणजे आपल्याही पोत्याच्या भावावर होतो.

आता सर्वांत महत्त्वाचे. पीतज्वराची लस प्रवासापूर्वी किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच टोचून घ्या आणि पिवळे कार्ड पासपोर्टसोबत ठेवा. कार्ड नसेल तर परतल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवले जाऊ शकते.

तेथे प्रत्येक फडावर चार प्रश्न विचारा : जमीन कोणती, पाणी किती, मजुरी काय, आणि दर वजनावर की उसातल्या साखरेवर? साओ पावलोत साखरेच्या अंशावर पैसे देण्याची पद्धत आहे. ती नीट समजून घ्या. उत्तरे वहीत लिहून आणा. परत आल्यावर गट ऑफिसात बसू, आपल्या रानाशी ताडून पाहू आणि मगच पाच गुंठ्यांवर प्रयोग करू.

सगळे ऐकून तात्या म्हणाले, "म्हंजे बॅगेत आधी वही घालायची." आम्ही म्हटले, वही आणि पिवळे कार्ड.

— ऊस विकास अधिकारी