घरकुल बांधताय? मग चूल आधी ठरवा

घराचे बांधकाम निघाले की घरात चर्चा होते ती दाराची, खिडकीची, फरशीची आणि रंगाची. चुलीविषयी कोणी बोलत नाही. "चूल काय, कुठेही मांडता येते," असे म्हणून विषय संपतो. घर उभे राहते. मग घरातली बाई उरलेल्या कोपऱ्यात तीन विटा मांडून स्वयंपाकाला बसते. वर्षभरात नव्या भिंती काळ्या पडतात. भिंतींवरची काजळी डोळ्यांना दिसते, तिच्या छातीत साचलेली मात्र कोणाला दिसत नाही.

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले, संग्रामपूर तालुक्यातील आपले सोनाळा गाव घ्या. पूर्वी वस्तीतील घरे कुडा-मातीची आणि वर कवेलू. चुलीचा धूर कवेलूंच्या फटींतून बाहेर जाई. आज रमाई आवास व इतर घरकुल योजनांतून पक्की घरे उभी राहत आहेत. घरकुलाचे किमान क्षेत्र २६९ चौरस फूट. तेवढ्यातच झोपायचे, तेवढ्यातच मुलांनी अभ्यास करायचा आणि तेवढ्यातच रांधायचे. वर टिनाचे छत किंवा सिमेंटचा स्लॅब. स्लॅबला फट नसते. कवेलूंखाली जी चूल कशीबशी चालून जाई, तीच स्लॅबखाली घातक ठरते. घर बदलले आणि चूल तीच राहिली, ही आजची खरी अडचण आहे.

धूर म्हणजे काय?

धूर म्हणजे न जळलेले जळण. लाकूड पुरते जळाले तर धूर फारसा होत नाही. ओले सरपण, चुलीत कोंबलेल्या काड्या आणि खालून हवा नाही, अशी स्थिती असली की धूर होतो. म्हणजे धुराबरोबर आपण डोक्यावरून वाहून आणलेले सरपणच हवेत सोडत असतो. साध्या उघड्या चुलीत जळणातील जेमतेम १० ते १५ टक्के उष्णता भांड्याला लागते. बाकीची वाया जाते.

अमेरिकन शास्त्रज्ञ कर्क स्मिथ व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी १९८१ साली गुजरातमधील खेड्यांत जाऊन, स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या अंगावर लहान यंत्रे लावून धूर मोजला. तोवर धुराचे प्रदूषण म्हणजे गिरणी आणि मोटार एवढेच जग समजत होते. चुलीपुढच्या बाईच्या श्वासात काय जाते, याचा हिशोब तेव्हापासून मांडला जाऊ लागला. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातील धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे मृत्यू पावली. त्यांत पाच वर्षांखालील बालके २ लाख ३७ हजारांहून अधिक होती. बालकांचा न्यूमोनिया, कमी वजनाचे बाळ, जुनाट खोकला व दम लागणे, मोतीबिंदू या सर्वांशी चुलीच्या धुराचा संबंध आहे. तेव्हा सासूबाईंचा जुना खोकला "वयामुळे" म्हणून सोडून देण्याआधी चुलीकडे एकदा पाहावे.

आधी जळण पाहा, मग चूल

चूल निवडताना पहिला प्रश्न किमतीचा नाही, जळणाचा आहे. आपल्या घरी जळण येते कुठून? ज्याच्याकडे शेती आहे त्याच्याकडे पऱ्हाट्या आहेत, तुराट्या आहेत. ज्याच्याकडे गुरे आहेत त्याच्याकडे गोवऱ्या आहेत. पण भूमिहीन मजुराच्या घरी यांतले काहीच स्वतःचे नसते. वेचणी संपली की मालकाला विचारून पऱ्हाट्या उपटून आणायच्या आणि त्या उपकाराच्या बदल्यात कधी एखादा दिवस फुकट राबायचे, हे आपल्या मायबहिणींना सांगायला नको. उत्तरेला जंगल आहे, पण अंबाबरवा हे १९९७ पासून अभयारण्य आहे. तेथून लाकूड आणणे कायद्याने गुन्हा आहे आणि वाघ-अस्वलाच्या वाटेत जाणे जिवावरचे आहे.

म्हणून जी चूल कमी जळणात भागवते ती नुसता पैसा वाचवत नाही. दुसऱ्याच्या बांधावर जाऊन हात पसरण्याची वेळही ती कमी करते.

कोणत्या चुली उपलब्ध आहेत?

मातीची साधी चूल : खर्च नाही, घरची माती, शेण आणि कुटार कालवून बाईच्या हाताने होते. भाकरी निखाऱ्यावर फुगते. वऱ्हाडातले रोडगे तर गोवऱ्यांच्या आरावरच खरे. पण ही चूल ठेवायची असेल तर ती घराबाहेर, पडवीत किंवा छपराखाली असावी. स्लॅबच्या खोलीत ती नकोच.

निर्धूर चूल : हिला दोन भांड्यांची जागा, खाली जाळी आणि मागे धुराडे असते. जाळीमुळे विस्तवाला खालून हवा मिळते, जळण नीट जळते. पहिल्या भांड्याखालची धग वैलाकडे जाऊन दुसरे भांडे तापवते आणि उरलेला धूर धुराड्याने बाहेर जातो. ही कल्पना नवी नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत स्वातंत्र्याच्या सुमारासच 'मगन चूल' तयार झाली होती. मात्र धुराडे छतापेक्षा किमान दोन फूट उंच हवे, वर टोपी हवी आणि महिन्यातून एकदा आतील काजळी काढली पाहिजे. धुराडे तुंबले की निर्धूर चूल साध्या चुलीपेक्षा जास्त धूर करते.

लोखंडी सुधारित शेगडी : एका भांड्याची, उचलून नेता येते. काड्या बारीक करून घालाव्या लागतात, पण जळण कमी लागते. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना किंवा कामासाठी गाव सोडून जाणाऱ्या कुटुंबांना ही सोयीची. हिला धुराडे नसते, म्हणून ती उघड्यावरच पेटवावी. पंख्याच्या शेगड्याही निघाल्या आहेत. त्या घेताना एक विचारून घ्यावे : जळण आपल्या घरचे चालते की दुकानचेच लागते? २००६ नंतर 'ऊर्जा' नावाची शेगडी महाराष्ट्रात अनेक घरांत गेली. तिला विकतच्या कांड्या लागत. कांड्या महागल्या आणि शेगड्या माळ्यावर गेल्या.

गोबरगॅस : चार-पाच जनावरे असतील तर याच्यासारखी चूल नाही. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ५० किलो शेण आणि तितकेच पाणी लागते. चार-सहा माणसांचा स्वयंपाक होतो आणि उरलेली मळी शेताला उत्तम खत होते. १९८४ पासून प्रचारात आलेले 'दीनबंधू' हे विटांचे, जमिनीखालचे संयंत्र लोखंडी टाकीच्या संयंत्रापेक्षा स्वस्त पडते. थंडीत गॅस कमी होतो, हे गृहीत धरावे. पाण्याची ओढ असलेल्या घराने मात्र नीट विचार करावा.

सिलिंडरचा गॅस : १ मे २०१६ ला सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेत जोडणी घरातील स्त्रीच्या नावाने मिळते, ही मोठी गोष्ट आहे. पण अनेक घरांत पहिला सिलिंडर संपला आणि शेगडीवर कापड पडले. पूर्ण स्वयंपाक गॅसवर केला तर पाच माणसांच्या घरात १४.२ किलोचा सिलिंडर साधारण महिना-दीड महिना पुरतो. मजुरीच्या घराला एकरकमी पैसे काढणे जड जाते. ज्यांना जड जाते त्यांनी पाच किलोच्या लहान सिलिंडरची चौकशी करावी. केंद्राने ऑक्टोबर २०२३ मध्ये उज्ज्वलाचे अनुदान सिलिंडरमागे ३०० रुपये केले होते. राज्याने २०२४ मध्ये पात्र स्त्रियांना वर्षाला तीन सिलिंडर मोफत देण्याची अन्नपूर्णा योजना जाहीर केली. आज काय लागू आहे, ते एजन्सीत जाऊन स्पष्ट विचारावे. आपले बँक खाते आधारशी जोडलेले आहे का, हेही पाहून घ्यावे.

विजेची शेगडी : धूर नाही, विस्तव नाही. दोन हजार वॅटची इंडक्शन शेगडी पूर्ण जोरावर अर्धा तास चालली की एक युनिट वीज जाते. मात्र तिला सपाट बुडाची, लोहचुंबक चिकटेल अशीच भांडी लागतात. आपली जर्मनची पातेली आणि तांब्या-पितळेची भांडी चालत नाहीत. वायरिंग कच्चे असेल तर ती लावू नये. वीज जाते तेव्हा चूलही जाते, म्हणून एकट्या विजेवर विसंबून चालणार नाही.

सूर्यचूल : आपल्याकडे उन्हाची वाण नाही. काळी भांडी घातलेल्या पेटीत डाळ-भात दोन-तीन तासांत शिजतो. भाकरी होत नाही, पावसाळ्यात ती बंद राहते आणि माकडा-कुत्र्यांपासून राखावी लागते. जोडीची चूल म्हणून मात्र ती चांगली.

सरकारी चुलींचा धडा

डिसेंबर १९८३ मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. २००२ मध्ये तो बंद होईपर्यंत देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या. त्यांपैकी कितीतरी चुली काही वर्षांतच फुटल्या किंवा पडून राहिल्या. आकडा पुरा करायचा म्हणून चूल बसवली गेली. ती कोणाच्या भांड्याला बसते, भाकरी फुगते का, धुराडे कोण साफ करणार, हे फार ठिकाणी विचारलेच गेले नाही.

याच्या उलट चंदीगडजवळच्या, हरयाणातील नाडा गावात त्याच सुमारास वेगळा प्रयोग झाला. मधु सरीन यांनी तेथील स्त्रियांना बरोबर घेऊन चूल घडवली, त्यांच्याच सूचनांनी ती बदलली आणि चूल घालण्याचे शिक्षणही स्त्रियांनाच दिले. ती 'नाडा चूल' म्हणून ओळखली गेली. धडा साधा आहे : जिला चुलीपुढे बसायचे आहे, तिला विचारल्याशिवाय चूल ठरवू नये. घरचा कारभारी कोणीही असो, याबाबतीत तिचा शब्द अखेरचा असला पाहिजे.

आपल्या घराला कोणती?

शेती व गुरे असलेल्या घराने गोबरगॅस आणि बाहेर निर्धूर चूल ठेवावी. शेती आहे पण गुरे नाहीत, त्यांनी पऱ्हाटी-तुराटीवर चालणारी निर्धूर चूल आणि घाईच्या वेळेसाठी गॅस ठेवावा. भूमिहीन मजुराने गॅस सोडू नये. सकाळचा चहा, डाळ-भाजी, बाळाचे दूध आणि पावसाळ्यातला सारा स्वयंपाक गॅसवर करावा. भाकरी व आंघोळीचे पाणी तेवढे बाहेरच्या कमी जळणाच्या चुलीवर ठेवावे. म्हणजे सिलिंडर दुप्पट दिवस पुरू शकतो. ज्या घरात गरोदर बाई, तान्हे मूल किंवा दम्याचा रुग्ण आहे, त्या घरात मात्र आतली चूल आजच बंद करावी. इतर खर्च मागे ठेवावा लागला तरी हरकत नाही.

एकच चूल सर्व कामांना पुरी पडेल, हा हट्ट नको. दोन चुली असणे म्हणजे उधळपट्टी नव्हे. आतली बिनधुराची आणि बाहेरची भाकरीची, अशी वाटणी असली की झाले.

बांधकाम करताना लक्षात ठेवा

पाया खोदण्यापूर्वी चुलीची जागा नकाशावर दाखवा. वारा बहुधा कोणत्या बाजूने येतो ते पाहून धूर झोपण्याच्या जागेकडे किंवा शेजाऱ्याच्या खिडकीकडे जाणार नाही, अशी बाजू निवडा. धुराड्यासाठी भिंतीत किंवा स्लॅबमध्ये भोक बांधतानाच ठेवा, मागाहून फोडले की स्लॅब गळतो. गॅसचा ओटा कमरेइतका उंच करा, सिलिंडर उभाच आणि ओट्यापेक्षा खाली ठेवा. हा गॅस हवेपेक्षा जड असून जमिनीलगत साचतो, म्हणून भिंतीत खालच्या बाजूलाही झरोका हवा. गॅस आणि विस्तवाची चूल एका खोलीत मुळीच नको.

सरपणाला छप्पर द्या. मृगाच्या आधी भरून ठेवलेले कोरडे जळण अर्धा धूर वाचवते. पऱ्हाट्या मात्र फार दिवस रचून ठेवू नयेत. त्यांवर राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी टिकून राहते आणि पुढच्या हंगामात शेतात उतरते. बोंडे आधी तोडून जाळावीत आणि पऱ्हाट्या पावसाळ्यापूर्वी संपवाव्यात. जाळ धरावा म्हणून प्लॅस्टिकच्या पिशव्या, चपला, टायरचे तुकडे चुलीत कधीही घालू नयेत. तो धूर लाकडाच्या धुराहून कितीतरी विषारी असतो.

डाळ दोन-तीन तास आधी भिजवणे, भांड्यावर झाकण ठेवणे, कुकर वापरणे, उकळी आलेले पातेले गोधडीत गुंडाळून ठेवणे या बिनखर्चाच्या सवयी आहेत. चूल कोणतीही असो, त्यांनी जळण वाचते.

भगिनींनो, विहारात महिला मंडळ जमते तेव्हा एक दिवस या विषयासाठी ठेवा. कोणाच्या घरी धुराडे नीट चालते, कोणाचा गॅस किती दिवस पुरतो, कोणाला अनुदान मिळत नाही, हे एकमेकींना विचारा. ज्यांचे घरकुल मंजूर झाले आहे, त्यांनी मिस्त्रीला पहिला प्रश्न दाराच्या रंगाचा विचारू नये. "आमच्या चुलीचा धूर कुठून जाणार?" हा विचारावा. त्याचे नीट उत्तर मिळेपर्यंत वीट लावू देऊ नये.